शनिवारचं इंग्रजी

गणिताच्या मास्तराला गावात दुसरा गणितवाला भेटला नाही तरी त्याचं गणित शाबूत राहतं. पायथागोरसला बोलायला जोडीदार लागत नाही. इतिहासवाल्याचंही तेच. भाषा शिकवणाऱ्याची पंचाईत वेगळी. जी भाषा शिकवायची ती गावात कोणीच बोलत नसेल, तर ती शिकवणाऱ्याच्याच तोंडातून हळूहळू जायला लागते. नोकरीला लागताना जी वाक्यं सहज सुचायची, ती काही वर्षांत 'ओपन युवर बुक्स', 'कीप क्वाएट' आणि 'व्हाय आर यू लेट' एवढ्यावर येऊन थांबतात. पोरांचं इंग्रजी वाढतं की नाही ते नंतरचं. आधी मास्तराचं आटतं. आणि ते आटतंय हे सांगायला आसपास कोणी नसतं, कारण आसपास त्याच्याहून जास्त इंग्रजी कोणाला येत नसतं. गावात तर आम्हाला 'इंग्रजीवाल्या मॅडम' म्हणून मानच मिळतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीकडच्या भागात, जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेच्या एका अंगाला बंजारा तांडा, दुसऱ्या अंगाला टेकडीखाली कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वस्ती, मधे गाव. तांड्यावरचं पोरगं घरी गोरबोली बोलतं. ती राजस्थानीच्या गोतातली. पोडावरचं पोरगं कोलामी बोलतं. ती गोंडी-तेलुगूसारखी द्रविड भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. गावातलं पोरगं वऱ्हाडीत वाढलेलं. शाळेत पाऊल ठेवलं की तिघांसमोर पुस्तकातली मराठी येते, तिच्या जोडीला पहिलीपासूनच इंग्रजी, आणि पाचवीत हिंदी. पोडावरचं लेकरू दहा वर्षांचं होईपर्यंत चौथ्या भाषेला हात घालतं. खेळताना उचललेली वऱ्हाडी वेगळी मोजली तर पाचव्या. शहरातल्या एखाद्या शाळेनं एवढ्या भाषा शिकवल्या असत्या तर त्याचं रंगीत माहितीपत्रक निघालं असतं आणि फी वाढली असती. आमच्याकडे त्या लेकराच्या नावापुढे 'अप्रगत' लिहितात.

मराठवाड्यातल्या गाडिवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं जपानी शिकताहेत, ही बातमी २०२० साली देशभर फिरली. कोणती परकी भाषा शिकायची हे मुलांनाच विचारलं गेलं, आणि रोबोटच्या ओढीनं त्यांनी जपानी निवडली. कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. मी ती बातमी आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तेव्हा एका सरांनी फक्त एवढंच लिहिलं, "शिकवते कोन?" मला तो प्रश्न खवचट वाटला नाही. भाषेबद्दलचा एकही वाद या प्रश्नापर्यंत पोचत नाही, हे आम्ही दोनदा पाहिलंय.

पहिल्यांदा २००० साली. त्या जूनपासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तोवर ते पाचवीपासून होतं. मराठीचं काय होणार, कोवळ्या डोक्यावर किती ओझं टाकायचं, यावर रकानेच्या रकाने छापून आले. पण जे गुरुजी स्वतः पाचवीत एबीसीडी शिकले, मराठीतून डी.एड. झाले आणि ज्यांचा इंग्रजीशी संबंध बारावीच्या पेपरबरोबर संपला, ते सहा वर्षांच्या पोरांपुढे उभं राहून काय बोलणार, याची काळजी फार थोड्यांनी केली. दुसऱ्यांदा अगदी अलीकडे. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये त्यात दुरुस्ती झाली, २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. या अडीच महिन्यांत भाषा कोणती, कोणत्या इयत्तेपासून, सक्तीची की ऐच्छिक, यावर सगळा महाराष्ट्र बोलला. शिकवणाऱ्याला ती भाषा किती येते आणि पुढची वीस वर्षं ती त्याच्या तोंडात कशी टिकवायची, यावर मात्र चर्चा झाल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

याचं सरकारी उत्तर म्हणजे प्रशिक्षण. पुण्याला राज्यस्तर, मग जिल्हास्तर, मग तालुका, मग केंद्र, म्हणजे आसपासच्या शाळांचा गट. कालव्याचं पाणी टेलच्या शेतकऱ्यापर्यंत जसं पोचतं तसं हे आमच्यापर्यंत पोचतं. वरती ज्यांनी विचार केला ती माणसं चांगली असतात, मी त्यांतल्या काहींना ऐकलंय. पण चार पायऱ्या उतरून आलेल्या साधनव्यक्तीच्या, म्हणजे आम्हाला प्रशिक्षण देणाऱ्याच्या, हातात उरतात त्या स्लाइड, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि पावसाची टाळी. आधी एका बोटानं, मग दोन बोटांनी. ती टाळी मी विदर्भातल्या उन्हाळ्यात इतक्यांदा वाजवली आहे की त्यानं खरंच पाऊस पडला असता तर आमचा कापूस ओलिताखाली आला असता. इंग्रजी संभाषणाचं प्रशिक्षणही साधनव्यक्ती मराठीत देतात, आणि आम्ही मराठीत टिपून घेतो.

पुढे हे सगळं मोबाइलवर आलं. २०१९ साली 'निष्ठा' हे केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण सुरू झालं, मग कोरोनात ते 'दीक्षा' या सरकारी ॲपवर गेलं. मोबाइल शेगडीशेजारी उभा करून भाकरी थापता थापता मॉड्यूल संपवणाऱ्या बायका मला माहीत आहेत. त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही, त्यांचा दिवस मला माहीत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचं व्यावसायिक विकासाचं काम सांगितलंय. आकडा चांगला आहे. पण आपल्याकडे तास मोजायला लागले की तासच होतात. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांनी निवडश्रेणी, दोन्हींच्या आधी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र. या सगळ्या प्रवासात माझ्या वर्गात मागे बसून माझा एक पूर्ण तास कोणी बघितला पाहिजे, अशी अट मला कुठेच भेटली नाही. तपासणीला येतात. ते टाचणवही बघतात, हजेरीपट बघतात, पोषण आहाराची नोंद बघतात, पोराला उभं करून एखादं स्पेलिंग विचारतात. तास बघत नाहीत.

आणि समजा एखादा शिक्षक खरंच चांगला निघाला, तर त्याचं काय होतं? त्याला वर्गातून उचलतात. साधनव्यक्ती करतात, केंद्रप्रमुखाचा अतिरिक्त कार्यभार देतात, तालुक्याला माहिती भरायला बसवतात. ज्याला शिकवता येतं त्याच्याकडून शिकवणं काढून घ्यायचं आणि त्याला नेतृत्व म्हणायचं, ही आपली रीत. आमच्या भागातले इंग्रजीचे एक उत्तम शिक्षक गेली काही वर्षं लिंक भरून घेण्याचं काम करतात. भेटले की विचारतात, "तुमची माहिती निरंक आहे का?" हा माणूस एकेकाळी सहावीच्या पोरांकडून बैलबाजाराचा प्रसंग इंग्रजीत उभा करून घ्यायचा.

आमचा इंग्रजी शिक्षकांचा गट या सगळ्याच्या बाहेर, जवळजवळ चोरून सुरू झाला. २०१६ च्या सुमारास राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून प्राथमिकच्या इंग्रजी शिक्षकांसाठी काही जिल्ह्यांत 'तेजस' नावाचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात 'टीचर ॲक्टिव्हिटी ग्रुप' असत, सगळे त्याला टॅग म्हणत. आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांनी ठरावीक काळानं एकत्र बसायचं आणि त्यांच्यातल्याच एकानं बैठक चालवायची, अशी ती साधी कल्पना. माझ्या एका मैत्रिणीची बहीण दुसऱ्या जिल्ह्यात शिक्षिका आहे, ती अशा टॅगला जायची. दिवाळीला माहेरी आली की चकल्या पाडताना तिथल्या गोष्टी सांगायची. त्या ऐकून आमच्या या मैत्रिणीनं चार जणांना फोन केले. म्हणजे ही कल्पना आमच्याकडे पुण्याहून पायऱ्या उतरत आली नाही. बहिणीकडून बहिणीकडे आली. मला वाटतं म्हणूनच ती टिकली.

शनिवारी सकाळची शाळा असते. ती सुटली की केंद्रशाळेच्या एका खोलीत बसायचं, आणि शेवटच्या एसटीच्या हिशेबानं उठायचं. वेळ ठरवणं ही किरकोळ बाब वाटते, पण आमच्यातल्या बायका टिकल्या त्या वेळेमुळेच. ज्यांच्याकडे स्कूटी आहे त्यांनी ज्यांच्याकडे नाही त्यांना घ्यायचं. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत बैठक नाही, कारण तेव्हा अर्ध्या मास्तरांच्याही घरी वेचणी असते. नियम एकच होता: पहिला अर्धा तास कोणीही मराठी बोलायचं नाही.

तो अर्धा तास सुरुवातीला भयाण गेला. मोठी माणसं, पंधरा-वीस वर्षं इंग्रजी शिकवलेली, एकमेकांकडे बघून हसायची आणि पाणी प्यायची. पहिल्यांदा बैठक चालवायला आम्ही आमच्यातल्या सगळ्यात चांगलं इंग्रजी बोलणाऱ्या मॅडमना सांगितलं. त्या नागपुरात कॉन्व्हेंटला शिकलेल्या, उच्चार असे की ऐकत राहावं. त्यांनी मनापासून केलं. कोणी चुकलं की लगेच, गोड आवाजात, दुरुस्त करायच्या. दोन बैठकांत खोलीत त्या एकट्याच बोलायला लागल्या. मग त्या रजेवर होत्या तेव्हा तांड्यावरच्या शाळेचे एक सर उभे राहिले. त्यांचं इंग्रजी म्हणजे "यस्टरडे आय हॅज गो टू यवतमाळ, बिग रश, बस नॉट कमिंग, देन आय वेटिंग, वेटिंग, देन वन कापूसगाडी कमिंग." त्यांना थांबायची सवयच नव्हती. ती कापूसगाडी कुठे बंद पडली, ड्रायव्हर काय म्हणाला, सगळं त्यांनी त्याच इंग्रजीत सांगितलं. लोक हसले, आणि हसता हसता विचारायला लागले: "देन व्हॉट हॅपन्ड?" त्या दिवसापासून बैठक तेच चालवू लागले. कोणी निवड केली नाही.

मला यात भाषा शिकवणाऱ्यांच्या पुढारपणाचं एक वेगळेपण दिसतं. गणिताच्या गटात ज्याला जास्त येतं त्यानं पुढे व्हावं, ते शोभतं. भाषेच्या गटात जो पुढे होतो त्याच्यासमोर बाकीच्यांचं तोंड उघडलं पाहिजे, नाहीतर गट जमूनच उपयोग नाही. कॉन्व्हेंटच्या मॅडमना हे कळलं. त्या आता मागे बसतात, कागदावर टिपतात, आणि शेवटची दहा मिनिटं आम्ही मुद्दाम त्यांच्यासाठी ठेवतो. कोणाचं नाव न घेता त्या आमच्या बोलण्यातली चार वाक्यं फळ्यावर लिहितात आणि नीट करून घेतात. सर्वोच्च न्यायालयाचा सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागू करणारा निकाल १ सप्टेंबर २०२५ ला आला, त्यानंतरच्या बैठकीत फळा पुरला नाही. रागाच्या भरात सगळ्यांनी इतकं इंग्रजी बोलून टाकलं होतं.

माझे सासरे, आमच्याकडे मामाजी म्हणतात, या बैठकीबद्दल ऐकलं की त्यांच्या वेळचं सांगायचे. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ साली वर्ध्यात स्थापन झाली. तिच्या परिचय, कोविद, रत्न अशा परीक्षा विदर्भातल्या खेडोपाडी लोक देत. मामाजी तलाठी होते. स्वतः कोविद होण्याआधीच ते ओसरीवर कंदील लावून परिचयच्या पोरांना हिंदी शिकवायचे. कोणी नेमलेलं नव्हतं, पगार नव्हता, एक बिल्ला तेवढा होता. जानेवारी १९७५ मध्ये नागपूरला पहिलं विश्व हिंदी संमेलन भरलं तेव्हा ते रजा काढून गेले होते. मॉरिशसचे पंतप्रधान रामगुलाम यांना लांबून बघितल्याचं आम्हाला अनेकदा ऐकावं लागलं. त्या चळवळीचं राजकारण आज कोणाला पटेल, कोणाला नाही. मला त्यातली शिकवण्याची पद्धत मोलाची वाटते. एक पायरी चढलेला माणूस खालच्या पायरीवरच्याला हात देत होता, आणि शिकवायला लागल्यामुळे त्याची स्वतःची पुढची परीक्षा सोपी होत होती. प्रचारक म्हणवून घ्यायला भाषेत पारंगत असावं लागत नव्हतं. उद्या पुन्हा ओसरीवर बसायची तयारी लागत होती. त्याच वर्ध्यात आज महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, परदेशी मुलं तिथे हिंदी शिकायला येतात, आपली मुलं चिनी, स्पॅनिश, जपानी शिकतात. आमच्यापासून दोन-तीन तासांच्या वाटेवर जगातल्या भाषा शिकवल्या जातात, आणि आमच्या भागातल्या एकाही भाषाशिक्षकाला तिथला एखादा तास मागे बसून बघायला कधी धाडलं गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

गटाला खरी धार आली ती पोडावरच्या सरांमुळे. द्विशिक्षकी शाळा, पोरं सगळी कोलाम. ते एकदा म्हणाले, "पोट्टे बोलतच नाई. मराठीत नाई अन् इंग्रजीत बी नाई. का करा आता?" लगेच सल्ले सुरू झाले. गाणी घ्या, चित्रं दाखवा, बक्षीस द्या. तांड्याचे सर म्हणाले, सल्ला नको, आधी बघून येऊ. त्यांनी आणि मी परवानगीचा अर्ज केला, रजेचा एक दिवस घातला आणि पोडावर जाऊन वर्गात मागे बसलो.

सरांचा तास चांगला होता. तयारी होती, चित्रं होती, आवाज प्रेमळ. ते विचारायचे, "व्हॉट इज धिस?" आणि पोरं बघत राहायची. मग लगेच मराठीत, "हे काय आहे?" आणि मग स्वतःच, "इट इज अ हेन." पुढचं चित्र. माझ्याबरोबरच्या सरांनी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि प्रश्न संपल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ ते वहीत लिहीत गेले. बहुतेक ठिकाणी एक सेकंद. कुठे तेवढाही नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून हेच मांडलं होतं: शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तिचे वर्ग विज्ञानाचे होते आणि मुलं आपल्याच भाषेत बोलत होती. आमच्या पोडावरच्या पोराला ऐकलेलं इंग्रजी मराठीकडून कोलामीत न्यायचं, तिथे समजून घ्यायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. त्याला तीन सेकंदही अपुरे पडतील.

बाहेर मोहाच्या झाडाखाली बसलो तेव्हा तांड्याच्या सरांनी वही पुढे केली. एवढंच म्हणाले, "तुमीच तं उत्तर देऊन राह्यले, सर. पोट्ट्याईले टाइमच कुठी भेटते?" पोडावरच्या सरांनी वही बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "अजून कोंबडीले कोलामीत का म्हणते ते मी कधी इचारलं नाई." पुढच्या आठवड्यापासून ते विचारायला लागले. पोरांनी सांगायचं आणि सरांनी चुकत-माकत म्हणायचं. मास्तर चुकतो हे बघून पोरं मोकळी झाली. हे त्यांना कोणत्याही साधनव्यक्तीनं शिकवलं असतं असं मला वाटत नाही, कारण ही अडचण त्यांनी कागदावर कधी लिहिलीच नसती. पोरं बोलत नाहीत असंच लिहिलं असतं.

त्यानंतर वर्गाचे व्हिडिओ आणायची प्रथा पडली. एकमेकांच्या शाळेत जायला दर वेळी रजा कुठून आणणार? अमेरिकेत शिक्षकांसाठी १९८७ पासून नॅशनल बोर्ड नावाची संस्था आहे. तिचं जागतिक भाषांच्या शिक्षकांसाठी वेगळं प्रमाणपत्र आहे आणि त्यासाठी उमेदवाराला स्वतःच्या वर्गाचे व्हिडिओ द्यावे लागतात, सोबत आपण काय केलं आणि का केलं याचं लेखी विवेचन. ते मिळवणारा शिक्षक वर्गातच राहतो, आणि बऱ्याच राज्यांत त्याला वाढीव पैसे मिळतात. चांगला आहेस, म्हणून वर्गात राहा. जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून एक पाठ तयार करतात, एक जण तो घेतो, बाकीचे मुलांकडे बघत बसतात आणि मग चर्चा करतात. ही रीत तिथे शतकाहून जुनी. आमची साधनं म्हणजे खिडकीत विटेला टेकवलेला मोबाइल आणि त्यात मधेच येणारा कोणाचा तरी फोन. पण काम तेच.

एक गोष्ट मात्र मी गटात भांडून मांडली. परदेशी भाषा शिकवणाऱ्या अमेरिकन शिक्षकांची संघटना, ॲक्टफल, वर्गातला किमान ९० टक्के वेळ शिकायच्या भाषेतच जावा असं सांगते. आमच्यातल्या एका तरुण सरांनी हे कुठेतरी वाचलं आणि मराठीवर बंदीच घालायची म्हणाले. मला त्यामागचं कारण समजतं. ज्या मुलाला ती भाषा वर्गाबाहेर ऐकायलाच मिळणार नाही त्याला वर्गात तरी भरपूर मिळावी. आमच्या मुलांना तर ती बाहेर मुळीच मिळत नाही. पण ओहायोतलं स्पॅनिश शिकणारं मूल घरच्या भाषेत शाळा शिकत असतं. तास संपला की ते आपल्या भाषेत परत जातं. आमचं कोलाम मूल इंग्रजीच्या तासातून बाहेर पडून मराठीच्या तासात जातं. तिथेही ते परकंच. त्याच्या भाषेला दिवसभरात एकही जागा नाही. तिथे ९० टक्क्यांचा आग्रह धरायचा तर आधी उरलेले १० टक्के कोणाच्या भाषेला द्यायचे ते ठरवा, असं मी म्हणाले. तरुण सरांना ते पटलं नाही. आम्ही अजून भांडतो. मला ते भांडण आवडतं; इंग्रजीत करतो.

एन. एस. प्रभू यांचं काम मला इथे फार उपयोगी वाटतं. बंगळूरच्या रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशच्या साथीनं त्यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचा धडा बाजूला ठेवून मुलांना सोडवायला कोडी द्यायची: नकाशे, वेळापत्रकं. उत्तर शोधता शोधता भाषा येते. आपल्या देशात, आपल्यासारख्याच भरलेल्या वर्गांत हे झालं आणि जगभरच्या भाषाशिक्षकांनी ते अभ्यासलं. आमच्या प्रशिक्षणांत त्याचं नावही मी ऐकलं नव्हतं. मी घाटंजीच्या बसस्थानकावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढला आणि सातवीत दिला. यवतमाळला दुपारी बाराच्या आत पोचायचं, वाटेत मावशीकडे थांबायचं, कोणती गाडी धरायची? तांड्यावरच्या एका पोरीनं सगळ्यांच्या आधी हात वर केला आणि म्हणाली, "नो बस, मॅडम. दॅट बस नेव्हर कम." वर्ग हसला. तिचं उत्तर बरोबर होतं. ती गाडी खरंच येत नाही. प्रभूंनी पुढे असंही म्हटलं की सर्वांत चांगली अशी एक पद्धत नसतेच; आपण करतोय ते कशामुळे लागू पडतंय याची शिक्षकाची स्वतःची समज जिवंत असणं महत्त्वाचं. ती समज एकट्यानं जिवंत ठेवणं अवघड जातं. कोणीतरी 'असं का केलं?' म्हणून विचारावं लागतं.

अधिकाऱ्यांचं म्हणाल तर त्यांनी आमच्या वाटेत दगड टाकले नाहीत. एका साहेबांना कळलं तेव्हा ते खूश झाले आणि म्हणाले, याचा अहवाल करा, फोटो काढा, बॅनर लावा, आपण जिल्ह्यात राबवू. तांड्याचे सर हात जोडून म्हणाले, "साहेब, राबवू नका." साहेब हसले, पण राबवलं नाही. एवढा मोठेपणा सगळ्यांकडे नसतो.

आता बैठक तांड्याचे सर चालवत नाहीत. त्यांची बदली झाली, पुसदकडे गेले. तिथे त्यांनी नवीन गट जमवायला घेतल्याचं ऐकते. मधे काही दिवस मी चालवली. यंदा नव्यानं लागलेल्या एक शिक्षणसेविका आहेत, बीडकडच्या, वय असेल चोवीस-पंचवीस. त्यांनी सगळं ताब्यात घेतलंय. आठवडाभर व्हॉइस मेसेजवर इंग्रजीत बोलायचं, शनिवारी त्यातलेच ऐकायचे, असं काहीतरी काढलंय. मला रात्री स्वयंपाक करताना तीन-तीन मिनिटांचे मेसेज ऐकणं जिवावर येतं, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "देन मेक इट टू मिनिट्स, मॅडम," म्हणाल्या.

परवा त्यांचा फोन आला. पुढच्या शनिवारी माझ्या वर्गाचा व्हिडिओ हवा म्हणाल्या. मी म्हटलं, आणते, सातवीचा आणते, तो वर्ग छान आहे.

"नको मॅडम. सहावीचा आणा."

"अहो, सहावीत लय गोंधळ असतो. माझं मलाच ऐकू येत नाही."

"म्हणूनच सहावीचा. आणि एडिट करू नका."